बटणाचा फोन की स्मार्टफोन : कोणासाठी कोणता घ्यावा

दिवाळी, लग्नसराई किंवा दहावी-बारावीचे निकाल जवळ आले की ओळखीच्या घरांतून एक प्रश्न हमखास येतो. आईसाठी, शेती पाहणाऱ्या भावासाठी किंवा वसतिगृहात राहायला जाणाऱ्या मुलीसाठी फोन घ्यायचा आहे, तर साधा घ्यावा की स्मार्टफोन? विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुतेक वेळा आधीच ठरलेले असते. वय साठीच्या पुढे असेल तर बटणाचा, तरुण असेल तर स्मार्टफोन, आणि ज्याने स्वतःहून काही मागितले नाही त्याला घरातलाच जुना स्मार्टफोन. ही वाटणी मला पटत नाही. फोन ज्याच्या हाती जाणार आहे त्या माणसाला, शेजारी मदतीला कोणी नसताना, स्वतःच्या हाताने कोणती कामे उरकावी लागतात हे आधी पाहावे आणि मगच दुकानाची पायरी चढावी, असे माझे मत आहे. वय, शिक्षण आणि खिशातले पैसे यांचा विचार त्यानंतर येतो.

साधा फोन म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर अजूनही २००३ साली आलेला नोकिया ११०० उभा राहतो. टॉर्च, धूळ आत जाऊ न देणारा कीपॅड आणि हातातून न निसटणारी बांधणी असलेला हा फोन जगभरात २५ कोटींहून अधिक विकला गेला. आज दुकानात बटणाचा फोन मागितला तर मात्र दोन वेगळ्या जातींचे फोन समोर येतात आणि बाहेरून ते जवळपास सारखेच दिसतात. एक २जीवर, म्हणजे जुन्या पिढीच्या मोबाईल जाळ्यावर चालणारा, दुसरा ४जीवर, म्हणजे त्यानंतरच्या वेगवान जाळ्यावर चालणारा. हा फरक खोक्यावर लिहिलेला असतो, पण तो वाचून घेण्याची सवय फारच थोड्यांना आहे आणि फसगत नेमकी तिथेच होते.

जिओचे जाळे २०१६ मध्ये सुरू झाले तेव्हाच ते थेट ४जीवर उभे राहिले, त्यात २जी नाही. त्यामुळे हजार-बाराशे रुपयांना मिळणाऱ्या २जी फोनमध्ये जिओचे सिम घातले तर फोन चालू होतो, पण रेंज कधीच येत नाही. एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया यांचे २जी अजून चालू आहे, म्हणून त्यांच्या सिमवर असा फोन व्यवस्थित चालतो. उलट दिशेने पाहिले तर जिओचेच काही स्वस्त ४जी कीपॅड फोन केवळ जिओच्या सिमवर चालतात, दुसऱ्या कंपनीचे सिम ते स्वीकारत नाहीत. २०२३ मध्ये ९९९ रुपयांना बाजारात आलेला जिओभारत हा याच प्रकारातला. ज्या गावात एकाच कंपनीचा टॉवर धड चालतो तिथे हा मुद्दा किमतीपेक्षा, कॅमेऱ्यापेक्षा आणि बॅटरीपेक्षाही मोठा ठरतो. आमचे गाव पाटण तालुक्यात डोंगराच्या कुशीत आहे. तिथे एका कंपनीची रेंज अंगणात मिळते, दुसरीची देवळाच्या ओट्यावर गेल्याशिवाय मिळत नाही. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसासाठी पुण्यातल्या दुकानातून परस्पर फोन विकत घेऊन पाठवणे धोक्याचे असते. आधी गावात कोणाचे सिम घरात, माजघरात बसून चालते याची चौकशी करावी आणि त्या जाळ्यावर चालणारा फोन निवडावा.

२जी किती वर्षे राहील याचाही विचार करावा लागतो. एअरटेलने आपले ३जी जाळे २०२० मध्येच बंद केले, आणि २जीही आता इतिहासजमा करावे अशी जाहीर मागणी मुकेश अंबानी यांनी त्याच वर्षी, भारतातल्या पहिल्या मोबाईल कॉलला २५ वर्षे पूर्ण झाली त्या निमित्ताने केली होती. २जी तातडीने बंद होईल असे मी म्हणत नाही. तरीही आज नवा बटणाचा फोन घेताना थोडे पैसे जास्त मोजून कोणत्याही कंपनीचे सिम चालणारा ४जी कीपॅड फोन घेणेच शहाणपणाचे आहे, असे मी सर्वांना सांगतो. त्यात आवाज अधिक स्पष्ट येतो आणि पुढे सिम बदलावे लागले तर फोन टाकून द्यावा लागत नाही. त्याची बॅटरी २जी फोनइतके दिवस टिकत नाही, एवढी एक गोष्ट मान्य करावी लागते.

आता पैशांकडे वळू. फोनची किंमत एकदाच द्यावी लागते, रिचार्ज मात्र जन्मभराचा असतो, आणि घरातल्या हिशेबात हाच भाग सुटून जातो. २०२४ च्या जुलैमधील दरवाढीनंतर रोज एक-दीड जीबी डेटा देणारा २८ दिवसांचा नेहमीचा प्लॅन सुमारे ३०० रुपयांवर गेला. हे २८ दिवस वर्षात १३ वेळा येतात, म्हणजे वर्षाचे ३,९०० रुपये. बटणाचा फोन वापरणाऱ्यालाही पूर्वी नको असलेल्या डेटाचे पैसे भरावे लागत, कारण डेटाशिवायचा प्लॅन जवळपास उरलाच नव्हता. ही तक्रार बरीच वर्षे चालू होती. अखेर २०२४ च्या डिसेंबरमध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, केवळ कॉल आणि एसएमएस असणारा प्लॅन ठेवणे कंपन्यांना बंधनकारक केले आणि अशा प्लॅनची मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत नेण्यास परवानगी दिली. त्यानंतर २०२५ च्या जानेवारीत जिओ, एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया या तिन्ही कंपन्यांनी ८४ दिवसांचे आणि जवळपास वर्षभराचे असे प्लॅन आणले. ८४ दिवसांसाठी साडेचारशे ते पावणेपाचशे आणि वर्षासाठी साडेसतराशे ते साडेअठराशे रुपये, असे तेव्हाचे दर होते. दर बदलत राहतात, म्हणून रिचार्ज करण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे. दुकानदार हा प्लॅन स्वतःहून सांगेलच असे नाही, तो नाव घेऊन मागावा लागतो.

या आकड्यांवरून तीन वर्षांचा हिशेब मांडून पाहावा. दीड हजारांचा बटणाचा फोन आणि दरवर्षी १,८५० रुपयांचा रिचार्ज मिळून सात हजारांच्या आसपास खर्च येतो. नऊ हजारांचा स्मार्टफोन आणि वर्षाला ३,९०० रुपये धरले तर खर्च वीस हजारांच्या वर जातो, त्यात कव्हर, काच आणि एखादी दुरुस्ती धरलेली नाही. जवळपास तिप्पट. ज्या घरात महिन्याच्या पगारातून चार जणांचे रिचार्ज करावे लागतात तिथे हा फरक मुलांच्या वह्या-पुस्तकांइतका मोठा असतो. म्हणून ज्याला केवळ बोलायचे आहे त्याच्या हाती दुसरे घेतात म्हणून स्मार्टफोन देऊ नये. मात्र, ज्याचे काम स्मार्टफोनवाचून अडते त्याला हे तेरा हजार वाचवण्यासाठी बटणाचा फोन देणे ही काटकसर नव्हे. सेतू केंद्रात घातलेले हेलपाटे, बुडलेली मजुरी आणि प्रत्येक अर्जामागे दिलेले पैसे यांची बेरीज केली तर तेवढा खर्च सहज निघतो.

मग कोणाचे काम खरोखर अडते? महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यापासून सुरुवात करतो, कारण त्याच्या बाबतीत हा प्रश्न सर्वांत नेमका आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. आपल्या शेतात उभ्या असलेल्या पिकाची नोंद सातबाऱ्यावर यावी यासाठी शेतकऱ्याने स्वतः शेतात जाऊन ॲपमध्ये माहिती भरायची आणि तिथूनच पिकाचा फोटो काढायचा, अशी ही पद्धत आहे. नुकसानभरपाई, पीककर्ज आणि पीकविमा यांच्या वेळी हीच नोंद पुढे येते. बटणाच्या फोनवर हे काम होत नाही. तरीही प्रत्येक शेतकऱ्याने त्यासाठी स्मार्टफोन विकत घेतलाच पाहिजे, असे मात्र नाही. एकाच मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंदणी करता येते, त्यामुळे भावकीतल्या एकाच्या स्मार्टफोनवर सगळ्यांची पीक पाहणी होऊ शकते. हे काम हंगामातून एकदाच येते. रोजचे काम वेगळे असते. रात्रीच्या पाळीला पाणी द्यायला जाताना टॉर्च लागतो, चिखलाच्या किंवा ओल्या हाताने फोन उचलावा लागतो, वीज केव्हा येईल याचा भरवसा नसल्याने चार्जिंग टिकावे लागते आणि फोन बांधावर पडला तर फुटता कामा नये. काचेचा पडदा ओल्या बोटांना नीट जुमानत नाही, बटण जुमानते. म्हणून शेतात राबणाऱ्या माणसाच्या खिशात चांगला कीपॅड फोन आणि घरात सर्वांच्या वापरासाठी एक बरा स्मार्टफोन, ही जोडी मला सर्वांत योग्य वाटते.

शेतमाल थेट विकणाऱ्याचे गणित निराळे आहे. जो द्राक्षे, डाळिंबे किंवा भाजीपाला स्वतः व्यापाऱ्याला दाखवून विकतो, फोटो पाठवतो आणि वेगवेगळ्या बाजार समित्यांचे भाव पाहून माल कुठे न्यायचा ते ठरवतो, त्याला स्मार्टफोन स्वतःच्याच हाती हवा. रिक्षाचालक, घरपोच सामान पोहोचवणारी मुले, घरगुती डबे किंवा मसाले विकणाऱ्या महिला यांच्या बाबतीत तर वादच नाही. त्यांच्यासाठी तो कामाचे साधन आहे आणि साधन निवडताना करतात तशीच निवड करावी.

निवृत्तिवेतनधारकांचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. दर नोव्हेंबरला द्यावा लागणारा हयातीचा दाखला २०२१ पासून चेहरा ओळखण्याच्या पद्धतीने घरबसल्या देता येतो. त्यासाठी स्मार्टफोन, 'आधार फेस आरडी' हे ॲप आणि जीवन प्रमाणचे ॲप लागते. फोन निवृत्तिवेतनधारकाचा स्वतःचाच असण्याची मात्र गरज नाही, मुलाच्या किंवा शेजाऱ्याच्या फोनवरूनही हे होते. अनेक सरकारी कामांचे स्वरूप असेच आहे : अर्ज कोणाच्याही स्मार्टफोनवर भरता येतो, पण ओटीपी येतो तो आधारशी जोडलेल्या क्रमांकावर, आणि तो साध्या एसएमएसने येत असल्यामुळे बटणाच्या फोनवरही मिळतो. तेव्हा एखाद्या योजनेसाठी स्मार्टफोन हवाच असे कोणी सांगितले तर आधी दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्यात. काम करायला स्मार्टफोन लागतो की त्या माणसाजवळच तो असावा लागतो? बहुतेक वेळा उत्तर पहिले निघते.

ओटीपीवरून एक व्यावहारिक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. स्वस्त कीपॅड फोनमध्ये संदेश साठवण्याची जागा फार थोडी असते. कंपन्यांचे जाहिरातींचे संदेश साठत जातात, जागा भरते आणि त्यानंतर नवा संदेश उतरतच नाही. माझ्या मावशीला बँकेत ओटीपी येईना, म्हणून तिचा क्रमांकच चुकीचा नोंदवला आहे असे समजून सगळे कागद पुन्हा भरायला सांगितले गेले. प्रत्यक्षात फोनमधील जुने संदेश पुसताच अडकलेले सगळे ओटीपी एकामागून एक आले. ज्यांच्या घरी वडीलधाऱ्यांकडे बटणाचा फोन आहे त्यांनी अधूनमधून हे संदेश पुसून द्यावेत. त्याचबरोबर, क्रमांक फोनमध्ये साठवले आहेत की सिममध्ये, हेही पाहावे. सिममध्ये साधारण अडीचशे क्रमांक मावतात आणि फोन बदलला तरी ते राहतात. सिमच हरवले तर ते जातात, म्हणून महत्त्वाचे क्रमांक वहीत लिहून ठेवण्याची जुनी रीत सोडू नये.

पैसे पाठवण्यासाठी स्मार्टफोनच लागतो हा समज मला फार ठिकाणी आढळतो. इंटरनेटशिवाय *९९# दाबून यूपीआयने पैसे पाठवण्याची सोय बरीच वर्षे आहे. ती मराठीतही चालते आणि तिथे एका व्यवहाराची मर्यादा ५,००० रुपये आहे. त्यानंतर ८ मार्च २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने कीपॅड फोनसाठी 'यूपीआय १२३पे' ही व्यवस्था सुरू केली. तीत एका ठरावीक क्रमांकावर फोन करून आवाजाच्या सूचनांप्रमाणे बटणे दाबायची, मिस्ड कॉल द्यायचा, फोनमध्येच असलेले ॲप वापरायचे किंवा ध्वनिलहरींवर चालणारे यंत्र वापरायचे, असे चार मार्ग आहेत. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तिची मर्यादा ५,००० वरून १०,००० रुपये केली गेली. २०२४ मध्ये आलेल्या एचएमडी १०५ आणि ११० सारख्या साध्या फोनांत तर यूपीआयची सोय कंपनीनेच आधीपासून घालून दिली आहे. सोय आहे म्हणून ती सोपी आहे असे मात्र मी म्हणणार नाही. *९९# वर एकेक पायरी ठरावीक वेळेत पूर्ण करावी लागते, वेळ गेली की सगळे पहिल्यापासून सुरू होते. किराणा दुकानात मागे रांग असताना ते जमणे कठीण आहे. महिन्यातून दोन-चार वेळा मुलीला किंवा भाडेकरूला पैसे पाठवायचे असतील तर ही व्यवस्था पुरेशी आहे. दिवसभर क्यूआर कोड समोर धरून व्यवहार करायचे असतील तर स्मार्टफोनला पर्याय नाही.

आणि व्हॉट्सॲप. नातवंडांचे चेहरे पाहायचे, परदेशी गेलेल्या मुलाशी बोलायचे, भजनी मंडळाच्या गटात राहायचे, या इच्छेला क्षुल्लक समजण्याचा अधिकार कोणालाही नाही. न्यू जर्सीत किंवा दुबईत असलेल्या मुलाला पाहण्यासाठी एखाद्या आईला दर वेळी शेजारच्या घरी जावे लागत असेल, तर तिच्यासाठी स्मार्टफोन ही चैन होत नाही. अशा वेळी अनेक जण मधला मार्ग म्हणून व्हॉट्सॲप चालणारा कीपॅड फोन शोधतात. काय-ओएस या प्रणालीवरील काही फोनांत, जिओफोनसह, २०१८ पासून ते चालत असे. परंतु २०२४ मध्ये त्या फोनांवर व्हॉट्सॲप नव्याने उतरवून घेण्याची सोय बंद झाली. म्हणून दुकानदार कीपॅड फोनवर व्हॉट्सॲप चालते असे सांगत असेल तर ते तिथेच, आपल्या सिमवर सुरू करून दाखवायला सांगावे. त्याखेरीज पैसे देऊ नयेत.

आता त्या तिसऱ्या पर्यायाकडे येतो, ज्याविषयी मला सर्वांत कळकळीने लिहायचे आहे. घरात नवा फोन आला की मुलाचा पाच-सहा वर्षांचा जुना स्मार्टफोन आईकडे किंवा आजोबांकडे जातो. पैसे वाचतात आणि वस्तूही वाया जात नाही, असा त्यामागचा विचार असतो. माझ्या मते ज्येष्ठांसाठी यापेक्षा वाईट निवड दुसरी नाही. त्या फोनची बॅटरी थकलेली असते, त्यामुळे तो दुपारीच बंद पडतो आणि संध्याकाळी फोन लागला नाही म्हणून घरचे घाबरतात. साठवणुकीची जागा भरलेली असते, फोन अडखळतो, आणि आपल्यालाच वापरता येत नाही असा त्या माणसाचा ग्रह होतो. याहून गंभीर बाब अशी की अशा फोनला सुरक्षेचे अपडेट मिळणे बंद झालेले असते आणि नेमके त्यातच बँकेशी आणि आधारशी जोडलेले सिम असते. लग्नपत्रिका, वाहतुकीचे चलान किंवा सरकारी योजनेचा अर्ज अशा नावाने व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एपीके, म्हणजे फोनमध्ये परस्पर ॲप बसवणाऱ्या, फाइली याच फोनांवर उघडल्या जातात. ती फाइल एकदा फोनमध्ये बसली की येणारे ओटीपी परस्पर चोराकडे जाऊ शकतात. बटणाच्या साध्या फोनवर अशी फाइल बसतच नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. पोलीस किंवा बँक अधिकारी असल्याचे भासवून फोनवर बोलणारा भामटा मात्र कोणत्याही फोनवर पोहोचतो. त्यामुळे ओटीपी कोणालाही तोंडी सांगायचा नाही हे दोन्ही प्रकारच्या फोनधारकांना सारखेच शिकवावे लागते, आणि फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवायचे हेही.

स्वस्तातला नवा स्मार्टफोनही याच कारणासाठी जपून घ्यावा. सहा-सात हजारांत मिळणाऱ्या, २ जीबी रॅम आणि ३२ जीबी जागेच्या फोनमध्ये प्रणाली आणि तिच्याबरोबर येणारी ॲप यांनीच बरीच जागा व्यापलेली असते. व्हॉट्सॲपवर रोज येणाऱ्या फोटो-व्हिडिओंनी उरलेली जागा काही महिन्यांत भरते. स्मार्टफोन घ्यायचाच असेल तर किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा असावी, शक्य असेल तर त्याहून अधिक, आणि त्याला सुरक्षेचे अपडेट किती वर्षे मिळणार हे विचारून घ्यावे. काही महाग फोनांना आता सात वर्षे अपडेट देण्याचे आश्वासन कंपन्या देतात, कमी किमतीच्या फोनांत हा काळ बराच कमी असतो. तेवढे पैसे आत्ता नसतील तर चांगला कीपॅड फोन घेऊन पैसे साठेपर्यंत थांबावे. अर्धवट स्मार्टफोन घेऊ नये.

बोटांचा आणि डोळ्यांचा विचार दुकानात कोणी करत नाही. म्हातारपणी बोटांची कातडी कोरडी होते, कष्टकऱ्याच्या हाताला घट्टे पडलेले असतात, आणि अशा बोटांचा स्पर्श काचेला नेहमी कळत नाही. हात थोडा थरथरत असेल तर एका ठिकाणी टेकवलेले बोट तिथेच जास्त वेळ राहते आणि भलतेच काहीतरी उघडते. येणारा फोन उचलण्यासाठी पडद्यावर बोट सरकवावे लागणे हे तर अनेकांना जमतच नाही. अशा माणसाला मोठ्या, एकमेकांपासून सुट्या बटणांचा आणि दाबलेला अंक मोठ्याने बोलून दाखवणारा फोन फार उपयोगी पडतो. दृष्टी अगदीच कमी असेल तर मात्र चित्र पालटते. चांगल्या स्मार्टफोनमध्ये पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवण्याची आणि बोलून फोन लावण्याची सोय असते. सराव झाला की अंध व्यक्ती त्यावर पत्रे, बातम्या आणि बँकेचे संदेश कोणाच्याही मदतीशिवाय ऐकू शकते. डोळ्यांची तक्रार म्हणजे आपोआप बटणाचा फोन, असे समीकरण म्हणूनच मांडू नये.

मराठीचा प्रश्नही इथेच येतो. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनवर २२ भारतीय भाषांतील मजकूर वाचता आला पाहिजे आणि इंग्रजी, हिंदी व आणखी किमान एका भारतीय भाषेत लिहिता आले पाहिजे, असा नियम आहे. त्यामुळे साध्या फोनवर मराठी संदेश चौकोन-चौकोन न दिसता नीट दिसतो. ती तिसरी भाषा मराठीच असेल असे मात्र नाही. मेनू मराठीत होतो का, आणि लिहिताना 'ळ' आणि 'ऱ्या' उमटतात का, हे दुकानातच पाहावे. ज्यांना इंग्रजी वाचता येत नाही त्यांच्यासाठी मराठी मेनू असलेला फोन आणि नसलेला फोन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मुलांच्या बाबतीत मी थोडक्यातच लिहितो. लातूरला किंवा पुण्याला शिकवणीसाठी राहणाऱ्या अनेक मुलांच्या हाती पालक बटणाचा फोन देतात आणि तो निर्णय मला योग्य वाटतो. प्रवेशअर्ज, निकाल आणि शाळेच्या गटातील सूचना घरच्या स्मार्टफोनवर पाहता येतात, आणि मुलाशी रोज बोलायला कीपॅड फोन पुरतो. एकटीने प्रवास करणाऱ्या मुलीच्या फोनवर आपले ठिकाण घरच्यांना कळवण्याची सोय असावी असे वाटत असेल तर स्मार्टफोनचा विचार जरूर करावा. तोवर एक गोष्ट सर्वांना ठाऊक असावी : २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या फोनांना आपत्कालीन बटणाची सोय सक्तीची आहे. नियमाप्रमाणे साध्या फोनवर ५ किंवा ९ हा अंक दाबून धरल्यास आणि स्मार्टफोनवर पॉवरचे बटण पटापट तीनदा दाबल्यास मदतीचा फोन लागायला हवा. आपल्या फोनमध्ये ते नेमके कोणत्या बटणावर आहे हे माहितीपत्रकात वाचून घ्यावे, गंमत म्हणून दाबून पाहू नये. ११२ हा क्रमांक कोणत्याही फोनवरून लावता येतो.

फोन ठरला की दुकानात थोडा वेळ काढावा. *#०६# दाबले की पडद्यावर १५ अंकी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, दिसतो. तो खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी जुळवावा. जुना फोन घेत असाल तर केवायएम ही इंग्रजी अक्षरे आणि पुढे तो क्रमांक लिहून १४४२२ वर एसएमएस पाठवावा किंवा २०२३ मध्ये सुरू झालेल्या संचार साथी संकेतस्थळावर तपासावे, म्हणजे फोन चोरीचा किंवा बंद केलेला आहे का ते कळते. *#०७# दाबल्यास एसएआर, म्हणजे शरीरात शोषल्या जाणाऱ्या लहरींचे प्रमाण, दिसते. भारतात त्याची मर्यादा दर किलोला १.६ वॅट आहे. बटणाच्या फोनची बॅटरी हाताने काढता येते का आणि तशीच बॅटरी तालुक्याच्या बाजारात मिळते का, हे विचारावे. चार्जरची पिन घरात इतरांच्या चार्जरशी जुळणारी असावी. शेवटी, ज्याच्यासाठी फोन घ्यायचा त्यालाच बरोबर न्यावे, त्याचेच सिम घालावे आणि दुकानातून घरी एक फोन त्यालाच लावायला सांगावे, पलीकडचा आवाज त्याला नीट ऐकू येतो का, अंक दिसतात का, फोन उचलता आणि ठेवता येतो का, हे शांतपणे पाहावे. एवढे करू द्यायला दुकानदार तयार नसेल तर पैसे न देता पुढच्या दुकानात जावे.